दोघांत एक कुलूप

३ सप्टेंबर, मंगळवार

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील, म्हणून आधी विनंती: फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. सात वर्षांत मी तुला तीन वेळा वाढदिवसाचं कार्ड पाठवलं. त्यांना पत्र म्हणत नाहीत हे मलाही कळतं. हे पहिलं पत्र.

बातमी आनंदाची आहे आणि मी घाबरलोय. दोन्ही एका दमात सांगून टाकतो. चर्चच्या मंडळीनं मला वडीलमंडळात घेतलंय. ते सात वडील, लोकांच्या अडीअडचणीला धावणारे, पाळकांच्या शेजारी बसणारे, ज्यांना आपण लहानपणी मिशीवरून नावं ठेवायचो, त्यांतला एक आता मी. हस तू. तुझ्या वहिनीनंही आधी हसून घेतलं आणि मग अभिनंदन केलं. एकोणतीस तारखेच्या रविवारी उपासनेत माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होईल.

त्याआधी नव्या वडिलाला साक्ष द्यावी लागते. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, देव तुला आयुष्यात कुठे भेटला. माझी साक्ष कोणती हे तुला सांगायला नको. तीच. लिफ्टच्या खड्ड्याची. सात वर्षांत ती कितीतरी चर्चमधून सांगून झालीय, आता मला शब्द शोधावे लागत नाहीत. आम्ही दोघे भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारे. मी वर मशीनच्या खोलीत, धाकटा खाली खड्ड्यात. काम झालं. मी वरून हाक मारली, 'बाहेर आलास का रे?' खालून 'हो' आलं. मी मेन स्विचचं कुलूप काढलं, वीज सुरू केली. पण त्याचा हात अजून खड्ड्यातल्या चाकावरच होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली, पण जीव प्रभूनं राखला. इथे लोक डोळे पुसतात. पुढच्या बाकावरच्या बायका तर 'खाली खड्ड्यात' म्हटलं की रुमाल काढतात.

तू त्या दिवशी आलास तर बरं होईल. झालं गेलं मागे टाकू. आई येते-जाते विचारते, बारक्याला कळवलंस का? म्हणून कळवतोय.

आणखी एक. माझी लेक आपल्याच धंद्यात आली. प्रशिक्षण संपलं आणि साहेबांनी तिला नेमकं माझ्याच हाताखाली दिलं. म्हणे, बापाकडून शिकेल. सोमवारपासून येतेय. हे मला का नको होतं, ते मला नीट सांगता येत नाही.

दादा

९ सप्टेंबर, सोमवार

बारक्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला दोन दिवस लागतात, लिहायला एक, यायला दोन, असा हिशेब करत बसलोय. म्हातारपण लागलं, दुसरं काय.

आज लेकीचा पहिला दिवस. सकाळी बूट घालताना इतकी शीळ घालत होती की तुझी वहिनी म्हणाली, ही कामाला चाललीय की सहलीला? स्वतःचं पिवळं कुलूप कमरेला अडकवून आली. तुझं निळं होतं, माझं लाल, आठवतं ना? तिला सगळे नियम पाठ आहेत. लिफ्टच्या खड्ड्यात किंवा डब्याच्या टपावर जितकी माणसं, तितकी कुलुपं मेन स्विचवर. ज्याचं कुलूप त्याच्या खिशात किल्ली. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय वीज येत नाही, म्हणून दुसऱ्याचं कुलूप कुणी काढायचं नाही, मागायचंही नाही. घडाघडा म्हणून दाखवलं. मी म्हटलं, शाब्बास.

मग डबा खाताना म्हणाली, "बाबा, वर्गात काकांची गोष्ट सांगितली."

मी हातातला घास डब्यात ठेवला. म्हटलं, "नाव घेऊन?"

"नाव नाही. बाई म्हणाल्या, एक मेकॅनिक खड्ड्यातून बाहेर न येताच 'हो' म्हणाला, असा निष्काळजीपणा करू नका. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं." थोडं थांबून म्हणाली, "पण काका असं का म्हणाले असतील?"

"घाईत असेल."

"काका? घाईत? पियानो शिकवताना एक ओळ बरोबर येईपर्यंत आम्हाला जेवायला उठू देत नसत ते!"

मी म्हटलं, जेव आता, पुढचं काम आहे. पोरीनं पुन्हा विचारलं नाही. पण ती विचार करतेय हे मला दिसतं. कपाळावर दोन आठ्या येतात तिच्या, अगदी आपल्या आईसारख्या.

तुला एक हसण्यासारखं सांगतो. मी सात वर्षांत लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. लिफ्टचा मेकॅनिक मी! अकरा अकरा मजले जिन्यानं चढतो आणि लोकांना सांगतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, साखर आहे. साखर कसली, पाचावर धारण बसलेली असते. आपल्या लाइनीतला तो रिवाज माहीत आहे ना तुला, ज्यानं लिफ्ट दुरुस्त केली त्यानंच पहिली फेरी मारायची, एकट्यानं, मग इतरांनी. कंपनीचा नियम नाही, पण कुणी मोडत नाही. मी मोडतो. कधी चष्मा विसरतो, कधी म्हणतो मला वरून आवाज ऐकायचाय. आज लेक म्हणाली, "बाबा, पहिली फेरी तुमची." मी म्हटलं, "नव्या माणसाचा मान." खूश होऊन गेली बिचारी. मी तिच्या मागे दार बंद होताना पाहिलं आणि ती पाचव्या मजल्यावरून परत येईपर्यंत 'प्रभू, सांभाळ' इतकंच म्हणत राहिलो. वडील व्हायला निघालेल्या माणसाची ही श्रद्धा.

साक्षीचं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. ये तू.

दादा

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बारक्या,

उत्तर येवो न येवो, हे मला आजच कुणाला तरी सांगायला हवं. तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती पोरीला उद्यापासून घरी बसवेल.

दातांच्या दवाखान्याची पाच मजली इमारत. लिफ्ट तळाला आली की धक्का देत होती. लेक खड्ड्यात उतरणार, मी वर. सकाळी गाडीतून सामान काढतानाच ती म्हणाली, "बाबा, आपण घरचीच दोघं. दोन दोन कुलुपं कशाला? तुमचं आहे ना वर, बस झालं."

मी गप्प बसलो. बारक्या, मी गप्प बसलो. नाही म्हणावं तर ती 'का' विचारणार. 'का'चं उत्तर द्यावं तर सगळंच उलगडणार. खाई त्याला खवखवे. मी मान हलवली नाही, पण नकारही दिला नाही. तिनं पिवळं कुलूप माझ्या पिशवीत टाकलं आणि खाली गेली.

मी वर जाऊन लाल कुलूप लावलं. अर्धा तास गेला. खालून पान्याचा आवाज थांबला. मी उठलो, सवयीनं किल्ली लोखंडी चौकटीवर दोनदा वाजवली, डोळे मिटून 'प्रभू, सांभाळ' म्हणालो आणि किल्ली कुलपात घातली. अर्धी फिरवलीसुद्धा. तेव्हा खालून गुणगुणणं ऐकू आलं. तू बसवलेलं ते जुनं गीत, चर्चमध्ये प्रभूभोजनाच्या वेळी पियानोवर वाजवायचास ते. ती खड्ड्यातच होती. वाकून काही पुसत होती आणि गात होती.

पोरगी गाणारी आहे म्हणून. मुकाट काम करणारी असती तर?

आणि आता सगळ्यात वाईट ऐक. तेव्हाही मला हाक मारता आली नाही. तोंड उघडलं, आवाजच फुटेना. मी किल्ली काढून मुठीत धरली आणि पाच मजले जिन्यानं धावत खाली गेलो, पडलो असतो दोनदा. खाली जाऊन तिच्यावर असा ओरडलो की दवाखान्यातली माणसं तोंडाला कापूस लावलेली बाहेर आली. "बाहेर हो! आधी बाहेर हो! कुलूप कुठाय तुझं? अक्कल गहाण ठेवलीस का?"

ती चढून वर आली, हात पुसले. घाबरली नाही, उलट हसत होती. म्हणाली, "अहो बाबा, झालं काय एवढं? तुम्ही हाक मारली असतीत तर मी म्हटलंच असतं ना, थांबा म्हणून. काकांना मारली होती तशी."

मी तिथेच पायरीवर बसलो. तिनं पाणी आणून दिलं. परत जाताना आपलं पिवळं कुलूप माझ्या पिशवीतून काढून तिनं कमरेला लावलं. पिशवीत हात घालताना तिला तुझं निळं कुलूपही दिसलं असणार. ते अजून तिथेच आहे, आतल्या कप्प्यात.

अक्षर बघच तू.

दादा

१६ सप्टेंबर, सोमवार

बारक्या,

तुझं कार्ड आज आलं. डाव्या हातानं लिहिलेलं. एक एक अक्षर वेगळ्या दिशेला झुकलेलं. 'दादा, एकच सांग. हाक मारली होतीस?'

टपाल आलं तेव्हा मी आणि आई दोघंच घरात होतो. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बारक्याचं आहे ना? वाच मोठ्यानं." मी वाचलं. दुसरं काय करणार, एकच तर ओळ. तिनं हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पूर्ण केली, वर हात फिरवला आणि म्हणाली, "मग लिही त्याला. नाही मारली म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू जन्मात कुणाला हाक मारलीयस?" आई म्हणाली. "जेवायला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवायचास. बारक्याला शाळेतून आणायला गेलास तर फाटक वाजवायचास. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोला बोलवायचं तर अजून खोकतोस. आणि म्हणे वरून हाक मारली! मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझ्या तोंडून यायला हवं होतं. रोज देवाला सांगते, मला न्यायच्या आधी याला बोलता कर. तू इतकं लांबवलंस की मी अजून जिवंत आहे."

असं म्हणून ती रडली. मीही रडलो. मग तिनं मला कपड्यांची चळत उचलून कपाटात ठेवायला लावली, कारण रडलो म्हणून घरातली कामं थांबत नाहीत.

आता लिहितो. हात थांबायच्या आत लिहितो.

मी हाक मारली नव्हती.

तू 'हो' म्हणाला नव्हतास. कुणी काही विचारलंच नव्हतं तर तू म्हणणार काय? खड्ड्यातलं, लिफ्ट बंद करायचं लाल बटण बिघडलेलं होतं, तेच बदलायला आपण गेलो होतो, म्हणजे वरच्या कुलपाशिवाय तुला दुसरा आधार नव्हता. आणि ते कुलूपही एकच, माझं. तू तुझं निळं कुलूप हातात घेऊन उभा होतास आणि मी म्हणालो होतो, "दोन दोन कशाला? माझ्यावर भरवसा नाही का?" तू हसलास आणि कुलूप माझ्या पिशवीत टाकलंस. शुक्रवारी माझ्या लेकीनं टाकलं ना, अगदी तस्संच.

घाई म्हणशील तर कसलीही नव्हती. खूप शोधलं मी, एखादी घाई सापडावी म्हणून. नव्हती. पान्याचा आवाज थांबला, मला वाटलं तू वर आलास. किल्ली दोनदा वाजवली, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि कुलूप काढलं. देवाला हाक मारली आणि तुला मारायची राहिली. मला वाटायचं देव म्हणजे वर कुठेतरी, माझ्या बाजूला, मशीनच्या खोलीत. तो तर खाली तुझ्यापाशी असणार, खड्ड्यात, त्या तेलकट अंधारात. मी त्याच्याही अंगावर लिफ्ट सोडली.

तू ओरडलास तो आवाज मी साक्षीत कधीच सांगत नाही.

साहेब धावत आले तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी हाक मारली होती." विचार करून नाही बोललो. पण दुसऱ्या दिवशी कागदावर सही केली ती विचार करून केली. तू गुंगीत होतास. शुद्धीवर आल्यावर तू म्हणालास, मी काही ऐकलं नाही, तर त्यांनी लिहिलं, जखमीला नीट आठवत नाही. मग तू हाताला पट्टी बांधून घरी आलास, आईच्या समोर मला विचारलंस, "दादा, तू हाक मारलीस?" आणि मी म्हणालो, "मारली. देवाशपथ." तू माझ्याकडे किती वेळ पाहत राहिलास! मग चपला घातल्यास आणि गेलास. त्याच्या पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदा साक्ष दिली.

बोटं माझ्या चुकीनं गेली. नोकरी आणि नाव माझ्या खोट्यानं गेलं. चूक एकदाच झाली, खोटं मी सात वर्षं बोललो, तेही चर्चमध्ये उभं राहून.

माफी मागायला मला तोंड नाही. तू विचारलंस म्हणून उत्तर दिलं.

दादा

२३ सप्टेंबर, सोमवार

बारक्या,

मला भीती वाटतेय. खरं बोललं की हलकं वाटतं असं मी लोकांना चर्चमध्ये सांगायचो. कसलं हलकं! झोपेतून दचकून उठतो, फोन वाजला की दुसऱ्याला उचलायला लावतो. पण लिहितो काय काय झालं ते.

तुझ्या वहिनीला सांगितलं. ती मला म्हणाली, "सात वर्षं मी बारक्याला कृतघ्न म्हणत आले. माझ्या तोंडून तू हे वदवलंस." दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. लेकीला सांगितलं. तिनं आतून वही आणली, वर्गातली, त्यातलं तुझ्यावरचं पान माझ्यासमोर उघडं ठेवलं आणि खोलीत गेली. पान खोडायचं होतं ते मी खोडावं अशी तिची इच्छा असावी. मी खोडलं. खाली खरं काय ते लिहिलं.

मग पाळकांकडे गेलो. त्यांना वाटलं साक्षीचा कागद दाखवायला आलो. मी सांगत गेलो तसे ते खुर्चीत मागे रेलत गेले. मला वाटलं आता म्हणतील, देव क्षमाशील आहे, प्रार्थना करू. प्रार्थना केली, पण नंतर. आधी म्हणाले, "वडील व्हायचं विसरा."

"हो, साहेब."

"ज्या ज्या चर्चमध्ये ही साक्ष दिलीत, तिथे तिथे पत्र जाईल. तुम्ही लिहायचं, मी सही करणार नाही."

"हो."

"आणि आमच्यापुढे उभं राहाल ते राहाल, पण तो माणूस जिवंत आहे ना? मग त्याच्या दारात उभे राहा. पत्रातून कबूल करणं सोपं, दार लावून घेता येतं."

मी म्हणालो, "साहेब, मला फार भीती वाटते. देवावर भरवसा असता तर इतकी वाटली नसती."

ते चिडले. खरंच चिडले, चष्मा काढून टेबलावर आपटला. "भीती वाटत नव्हती तेव्हाच तर तुम्ही खोटं बोलत होता! सात वर्षं भरवसा भरवसा करत फिरलात. देवावर कसला भरवसा, लोक रडतील यावर होता तुमचा भरवसा. आता पहिल्यांदा देवाशिवाय दुसरं काही उरलं नाही तुमच्याकडे. घाबरा की! घाबरत घाबरत जा."

मला हे आवडलं नाही. पण घरी जाताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तेच आठवत होतं.

काल उपासनेत सांगितलं. साक्ष नाही, नुसतं सांगितलं. पाच वाक्यं. कुणी रुमाल काढला नाही. शेवटच्या बाकावरचा एक म्हातारा उठून बाहेर गेला. प्रार्थनेनंतर पुष्कळांनी माझ्याकडे न बघता हात मिळवले, दोघांनी मिळवले नाहीत.

आज कंपनीत गेलो. नवव्या मजल्यावर मोठ्या साहेबांचं ऑफिस. जिन्यानं चढलो. जुनी फाइल काढून घेतली, नवा जबाब लिहून दिला. साहेब म्हणाले, आता कशाला उकरून काढताय, दोन वर्षांत निवृत्त व्हाल. मी म्हटलं, वर्गात अजून माझ्या भावाचा निष्काळजीपणा शिकवताहेत. त्यांनी फाइल बंद केली. चौकशी होईपर्यंत मला साइटवर पाठवणार नाहीत. नोकरी राहील की जाईल माहीत नाही. पण वर्गातली ती गोष्ट उद्यापासून बदलेल, हे त्यांनी लिहून दिलं. मी मागून घेतलं.

बाहेर आलो तर लिफ्ट उभी होती, दार उघडं. आत कुणी नाही. जिना उजव्या हाताला. बराच वेळ उभा राहिलो, शिपाई म्हणाला, काका, जायचंय का? मी आत गेलो. दार बंद झालं तसं घामानं शर्ट भिजला. दर वेळी म्हणतो तसं 'प्रभू, सांभाळ' म्हणायला गेलो आणि म्हणवेना. ते बोलून बोलून मी हात झटकायला शिकलो होतो. 'प्रभू, बरोबर ये' म्हणालो. नऊ मजले तेवढंच. भीती गेली नाही. पण खाली पोचलो.

रविवारी मी चर्चमध्ये नसेन. माझ्या जागी दुसऱ्याला वडील करताहेत, चांगला माणूस आहे.

मी तुझ्याकडे येतोय. नको असेल तर कळव.

दादा

२९ सप्टेंबर, रविवार

बारक्या,

तू नको म्हणून कळवलं नाहीस. ये म्हणूनही नाही. मी रोज टपाल पाहिलं.

मी तुझ्या इमारतीच्या अंगणात आहे, सायकली लावतात त्याच्या बाजूच्या बाकावर. लेक बरोबर आलीय. गेला आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. आज सकाळी बूट घालून दारात उभी राहिली, म्हणाली, "चला, तुम्ही एकटे गेलात तर अर्ध्या वाटेतून परत याल." मी म्हटलं, बापावर एवढा तरी भरवसा ठेव. ती म्हणाली, "नाही. तुमचं एक कुलूप, माझं एक." मला हसू आलं आणि रडूही. वाटेत दोनदा मी खरंच परत फिरायच्या बेतात होतो. एकदा तिनं माझी बाही धरली.

तुझी खिडकी तिसऱ्या मजल्यावरची, निळ्या पडद्याची, असं खाली एका बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शाळेत कामाला असतात तेच ना? रोज सकाळी डाव्या हातानं पियानो वाजवतात." मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं तू सोडलास. बारक्या, मी सात वर्षं लोकांना तुझी गोष्ट सांगितली आणि तू वाजवतोस हे मला एका परक्या बाईकडून कळलं.

आता लेक हे पत्र घेऊन वर येईल. तिच्या हातात तुझं निळं कुलूप आहे, त्यात राहून गेलेल्या किल्लीसकट. ते तुझं आहे. त्या दिवशी मी ते तुला माझ्या पिशवीत टाकायला लावायला नको होतं. फेकायचं असेल तर फेक, पण तुझ्या हातानं.

आई म्हणाली, "त्याला सांग, क्षमा कर म्हणून मी सांगणार नाही. खिडकीशी ये एवढंच सांग. मी विचारलंय म्हणावं, जाड झालास का."

मला खूप भीती वाटतेय. मंडळी आता पहिलं गीत म्हणत असतील. तिथे आज माझ्या डोक्यावर हात ठेवणार होते. मी इथे बाकावर बसलोय आणि पत्र संपलं की मला उभं राहायचंय आणि मोठ्यानं, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं, तुला हाक मारायचीय. किल्ली वाजवणार नाही. खोकणार नाही. लेकीला पाठवून भागवणार नाही. हाक मारणार आहे, तुझ्या नावानं, जन्मात पहिल्यांदा.

'बाहेर आलास का रे?' एवढंच विचारीन.

तू हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे. गप्प राहिलास तरी चालेल, मी पुन्हा मारीन. घाई कसलीच नाही. पण या वेळी खाली मी आहे आणि वर तू आहेस, आणि तुझं उत्तर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

दादा